काळाचे कोडे आणि पूर्वपक्षाची परंपरा

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२५ हे वर्ष क्वांटम विज्ञान व तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून घोषित केले होते. १९२५च्या उन्हाळ्यात वेर्नर हायझेनबर्ग हा तेवीस वर्षांचा जर्मन तरुण परागकणांच्या त्रासाने हैराण होऊन उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावर गेला आणि तेथे त्याने केलेल्या आकडेमोडीतून क्वांटम यांत्रिकीचा पाया घातला गेला. त्या घटनेची ही शताब्दी होती. आपल्या देशातही तिच्या निमित्ताने व्याख्याने झाली, शाळा-महाविद्यालयांत प्रदर्शने लागली. याच काळात भ्रमणध्वनीवरून फिरणाऱ्या संदेशांना, आणि खेदाने म्हणावे लागते की काही व्यासपीठांनाही, एका जुन्याच विधानाचा नवा बहर आला. ते विधान असे की, यात नवे ते काय, हे सारे आमच्या ऋषींनी हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे!

या विधानामागची भावना समजण्यासारखी आहे. ज्या समाजाला दीडशे वर्षे शाळेच्या बाकावर बसवून ‘तुमच्या पूर्वजांना विचार करताच येत नव्हता’ असे शिकवले गेले, तो समाज जागा होताना थोडा मोठ्याने बोलणारच. पण जागे होण्याची वेळ केव्हाच टळून गेली आहे. आता काम करण्याची वेळ आहे. म्हणूनच या विधानाची तपासणी आपल्याच घरात, आपल्याच लोकांनी करणे आवश्यक आहे. ती टिंगलखोर पुरोगाम्यांवर सोपवून चालणार नाही, कारण ज्यांनी वैशेषिक सूत्रांचे एक पानही उलटलेले नसते, त्यांना या विषयात हसण्याचाही अधिकार पोहोचत नाही.

प्रथम सनावळी पाहू. हायझेनबर्ग भारतात आले ते १९२९ साली. कोलकात्यात त्यांची रवींद्रनाथ ठाकूरांशी भेट झाली, भारतीय तत्त्वचिंतनावर चर्चाही झाली. परंतु तोपर्यंत त्यांच्या मूळ शोधाला चार वर्षे आणि अनिश्चितता तत्त्वाला दोन वर्षे होऊन गेली होती. त्यांच्या नावावर फिरणारे वेदान्तस्तुतीचे वाक्य त्यांच्या कोणत्या ग्रंथात आहे, हे ते वाक्य पुढे पाठवणाऱ्यांपैकी कोणीही सांगत नाही. एर्विन श्रोडिंगर यांची गोष्ट निराळी आहे. त्यांनी उपनिषदविचारांचे खरोखरच मनन केले होते. समीकरण मांडण्यापूर्वी, १९२५च्या शरद ऋतूत लिहिलेल्या एका दीर्घ टिपणात वेदान्तातील एकात्मतेचा विचार ते स्पष्ट शब्दांत स्वीकारतात. १९४४ सालच्या जीवनविषयक पुस्तकाच्या शेवटी आत्मा आणि ब्रह्म यांच्या ऐक्याचा उल्लेख करतात. तथापि त्यांचे समीकरण निघाले ते लुई द ब्रॉग्ली यांच्या द्रव्यतरंगाच्या कल्पनेतून आणि हॅमिल्टन यांच्या एकोणिसाव्या शतकातील गणितातून. केंब्रिजमधील १९५६ सालच्या व्याख्यानांत तर त्यांनी एक मार्मिक इशाराच देऊन ठेवला आहे. पाश्चात्त्य विज्ञानाला पौर्वात्य विचाराचे रक्त देण्याची गरज आहे, हे ते मान्य करतात. पण रक्त चढवताना ते गोठू नये याची खबरदारी घ्यावी लागते आणि विज्ञानाने कमावलेली तर्काची काटेकोर शिस्त गमावून चालणार नाही, असेही बजावतात. आपल्याकडे श्रोडिंगर यांच्या या म्हणण्याचा पूर्वार्ध तेवढा उचलला जातो.

मग प्रश्न उरतो की, या सिद्धान्तात असे काय आहे, ज्याने शंभर वर्षे जगातील उत्तमोत्तम बुद्धीला स्वस्थ बसू दिलेले नाही? सामान्य वाचकाच्या कानांवर मांजराची गोष्ट आलेली असते, कणाचे तरंग होणे आलेले असते. त्या चमत्कारांपेक्षा खोलवरचा, आणि सहसा न सांगितला जाणारा, प्रश्न काळाचा आहे.

क्वांटम सिद्धान्तात कणाचे स्थान, त्याचा संवेग, त्याची ऊर्जा या साऱ्या मोजण्याच्या राशी आहेत. त्यांना अनिश्चितता आहे, त्यांची उत्तरे संभाव्यतेच्या भाषेत येतात. काळाला मात्र तेथे असे स्थानच नाही. तो भिंतीवरच्या घड्याळासारखा बाहेर टांगलेला असतो. खोलीत कितीही गोंधळ चालो, काटा आपल्या गतीने पुढे सरकतो. स्थानासारखी काळाचीही मोजण्याजोगी राशी का बनवता येत नाही, याचे गणिती कारण वोल्फगांग पाउली यांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते. म्हणजे जगातील सर्वांत क्रांतिकारक मानल्या जाणाऱ्या सिद्धान्ताने काळ मात्र न्यूटनकडून उसना घेतला, आणि तो आजही परत केलेला नाही.

दुसरीकडे आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धान्ताने ते भिंतीवरचे घड्याळच उतरवून ठेवले. तेथे काळ हा विश्वाच्या नाटकाचा प्रेक्षक नसून पात्र आहे. जड वस्तूजवळ तो मंदावतो, दूर जाताच वेग घेतो. ही कविकल्पना नव्हे. मार्गदर्शक उपग्रहांवरील घड्याळे पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तेवढी दुरुस्ती केली नाही तर वाहनचालकाला रस्ता दाखवणारे यंत्र काही तासांतच त्याला भलत्या गावी नेऊन सोडेल. आता हे दोन्ही सिद्धान्त आपापल्या क्षेत्रात निर्विवाद खरे ठरलेले, आणि काळाविषयी दोघांचे म्हणणे परस्परांशी जुळत नाही. दोघांना एकत्र बसवण्याचा पहिला मोठा प्रयत्न ब्राइस डिविट व जॉन व्हीलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समीकरणाने केला. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या समीकरणात काळ ही राशी औषधालाही उरलेली नाही! समग्र विश्वाचे समीकरण, आणि त्यात काहीच घडत नाही. मग आपल्या अनुभवाला येणारे काल, आज आणि उद्या आले कोठून? डॉन पेज आणि विल्यम वूटर्स यांनी १९८३ साली सुचवले की, विश्वाचा एक भाग दुसऱ्या भागाचे घड्याळ होतो. दोघांच्या परस्परसंबंधांतून ‘घडण्या’चा प्रत्यय येतो आणि समग्राला मात्र काळ नसतो. हे उत्तर सर्वांना पटलेले नाही. प्रश्न आजही उघडा आहे.

नेमक्या याच ठिकाणी भारतीय परंपरेची आठवण होणे स्वाभाविक आहे. कारण काळाविषयी इतक्या चिकाटीने, इतक्या पिढ्या आणि इतक्या बाजूंनी वाद घालणारे समाज जगाच्या इतिहासात फार थोडे झाले. पण तो वाद होता, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. वैशेषिकांनी काळाला नऊ द्रव्यांत स्थान दिले. ‘हे आधी, ते नंतर, ही दोन एकाच वेळी, हे लवकर, ते उशिरा’ अशा ज्या प्रतीती होतात, त्यांवरून काळाचे अनुमान होते. तो एक, नित्य आणि सर्वव्यापी आहे. क्षण, घटका, दिवस हे भेद सूर्यादिकांच्या गतीच्या उपाधीमुळे वाटतात, असे त्यांचे प्रतिपादन. योगसूत्रांवरील व्यासभाष्याची भूमिका याच्या उलट आहे. क्षण तेवढा वास्तव. दोन क्षण कधी एकत्र नांदत नाहीत. म्हणून क्षणांचा समुदाय, म्हणजे मुहूर्त, दिवस, रात्र, ही बुद्धीने केलेली रचना होय. बौद्धांमध्ये भूत-भविष्यालाही अस्तित्व देणारे सर्वास्तिवादी होते आणि ते नाकारणारे सौत्रान्तिकही होते, आणि नागार्जुनाने तर काळाच्या परीक्षेला एक संपूर्ण प्रकरण वाहून भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही कल्पनांची परस्परावलंबिता उघडी केली. भर्तृहरीने वाक्यपदीयात काळाला स्वतंत्र शक्ती मानले. ती काही गोष्टींना घडू देते, काहींना अडवून धरते आणि त्यातून क्रम निर्माण होतो. आणि नव्यन्यायाच्या वैभवाच्या काळात नवद्वीपच्या रघुनाथ शिरोमणींनी स्वतःच्याच शास्त्राविरुद्ध उभे राहून सांगितले की, काळ आणि दिशा ही वेगळी द्रव्ये मानण्याचे कारण नाही. ती ईश्वराहून निराळी नाहीत.

आता व्यासपीठावरून ‘आमच्या ऋषींनी हे आधीच सांगितले’ असे म्हणणाऱ्याला साधा प्रश्न विचारावा : कोणत्या ऋषींनी? कणाद खरे असतील तर योगभाष्य चुकते. व्यासभाष्य खरे असेल तर कणाद चुकतात. रघुनाथ शिरोमणी दोघांनाही मान्य होणार नाहीत. सर्वांनी एकच सांगितले आणि तेच आता पाश्चात्त्यांना सापडले, असे म्हणणे हा या सर्वांचा अपमान आहे. कारण त्यातून एवढेच सिद्ध होते की, बोलणाऱ्याने यांपैकी कोणालाही वाचलेले नाही. या परंपरेची शिस्त अशी होती की, आपले मत मांडण्यापूर्वी प्रतिपक्षाचे मत त्याच्यापेक्षाही चांगले मांडायचे. तो पूर्वपक्ष. ज्याला पूर्वपक्ष मांडता येत नाही, त्याला सिद्धान्त सांगण्याचा अधिकार नाही. क्वांटम सिद्धान्ताचा पूर्वपक्ष गणितात मांडलेला आहे आणि तो गणितातच समजून घ्यावा लागतो. या कष्टाला वळसा घालून जी अभिमानाची भाषा केली जाते, तिच्यात अभिमान कमी आणि आळस अधिक असतो.

कल्पाचेच उदाहरण घ्यावे. ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा, आणि पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे. म्हणून पुराणकारांना पृथ्वीचे वय माहीत होते, असे सांगितले जाते. युरोपात विश्वाचे वय काही हजार वर्षे मानले जात असताना कोटी-कोटी वर्षांचा विचार बिचकून न जाता करणारी बुद्धी ही निःसंशय मोठी गोष्ट आहे. पण ते विचाराचे धाडस होते, मोजमाप नव्हते. धाडसाला मोजमाप म्हटले की धाडसही हातचे जाते आणि मोजमापही.

या प्रश्नाशी गेल्या शतकात भारतीयांनी खरोखर काय झुंज दिली, याची माहिती मात्र या उत्साही मंडळींना क्वचितच असते. ढाक्याहून १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनना पाठवलेल्या शोधनिबंधाची कथा पाठ्यपुस्तकात आहे. पण काळ आणि निरीक्षण यांच्या नात्यावर थेट बोट ठेवणारे काम १९७७ साली ई. सी. जी. सुदर्शन आणि वैद्यनाथ मिश्र यांनी केले. केरळातील कोट्टायमजवळ जन्मलेले आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उमेदवारी केलेले सुदर्शन पुढे अमेरिकेत गेले. या दोघांनी दाखवले की, क्वांटम नियम खरे मानले तर एखाद्या अस्थिर कणावर अखंड नजर ठेवल्यास तो विघटित होणारच नाही. चुलीवर डोळे लावून बसले की दूध उतू जात नाही, हा गृहिणींचा अनुभव आहे; पण तेथे दूध तापतच असते. येथे मात्र निरीक्षणच बदलाला थोपवून धरते! ग्रीक तत्त्वज्ञ झेनोच्या न हलणाऱ्या बाणावरून त्यांनी याला झेनोचा विरोधाभास असे नाव दिले. अनेकांना ती कागदावरची करामत वाटली. १९९० साली अमेरिकेतील प्रयोगशाळेत बेरिलियमच्या आयनांवर डेव्हिड वाइनलँड आणि सहकाऱ्यांनी तो परिणाम प्रत्यक्ष दाखवला. सुदर्शन यांना वेदान्ताची ओढ होती आणि ती त्यांनी कधी लपवली नाही. पण त्यांनी आपल्या निबंधात वेदान्ताची साक्ष काढली नाही, प्रमेय सिद्ध केले. २००५ सालचे नोबेल जाहीर झाल्यावर प्रकाशविषयक त्यांच्या कामाला डावलले गेल्याची भावना जगभरच्या शास्त्रज्ञांत व्यक्त झाली. २००७ साली देशाने त्यांना पद्मविभूषण दिले. २०१८ साली ते गेले, तेव्हा किती शाळांत त्यांचे नाव घेतले गेले?

महाराष्ट्राचे देणेही लहान नाही. धुळे जिल्ह्यातील शिरपूर येथे १९४९ साली जन्मलेले प्रा. अभय अष्टेकर यांनी १९८६ साली आइन्स्टाइन यांची समीकरणे नव्या चलराशींत मांडून दाखवली. गुरुत्वाकर्षण आणि क्वांटम यांचा मेळ घालू पाहणाऱ्या एका संपूर्ण संशोधनप्रवाहाचा उगम त्या मांडणीत आहे. वर सांगितलेली काळाची अडचण त्यांनाही टळली नाही. २००६ साली त्यांनी सहकाऱ्यांसह केलेल्या कामात बाहेरचे घड्याळ सोडून देऊन विश्वातल्याच एका क्षेत्राला घड्याळ मानले, आणि त्या घड्याळाने मागे मागे जात पाहिले, तर महास्फोटाच्या जागी विश्वाची ‘उसळी’ आढळली; म्हणजे आधीचे आकुंचन पावणारे विश्व एका मर्यादेपर्यंत दाटून पुन्हा प्रसरण पावू लागते. येथे कोणाच्याही ओठांवर प्रलय आणि पुनःसृष्टी हे शब्द येतील. पण उसळी एकदाच की वारंवार, हे कोणते प्रतिरूप हाती घेतले यावर ठरते. आणि निरीक्षणाचा कौल अजून यायचा आहे. काळाच्या दिशेविषयी डॉ. जयंत नारळीकर यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर १९६०च्या दशकात केलेले काम, पुढे पुण्याच्या आयुकात थानू पद्मनाभन यांनी गुरुत्वाकर्षणाच्या मुळाशी जाऊन केलेले चिंतन, टाटा संस्थेत तेजिंदर पाल सिंग यांनी बाह्य काळाविना क्वांटम सिद्धान्त मांडण्यासाठी चालवलेला प्रयत्न, हे सारे याच कुळातले. पद्मनाभन २०२१ साली आणि नारळीकर २०२५ साली आपल्यातून गेले. नारळीकरांची अनेक मते या पानांच्या वाचकांना रुचली नसतील, फलज्योतिषाबाबतची तर नाहीच. परंतु पुण्यात त्यांनी उभी केलेली संस्था ही राष्ट्राची संपत्ती आहे, याविषयी दुमत असू नये.

येथून धोरणाचा प्रश्न सुरू होतो. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम अभियानाला मंजुरी दिली. आठ वर्षांसाठी ६००३.६५ कोटी रुपये, ही रक्कम आणि हा निर्णय दोन्ही स्वागतार्ह आहेत. संगणन, संदेशवहन, संवेदन व मापन, पदार्थ व साधने असे चार विभाग. त्यांची केंद्रे अनुक्रमे बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि चेन्नई, मुंबई व दिल्ली येथील आयआयटी. चीनने २०१६ सालीच क्वांटम संदेशवहनाचा उपग्रह सोडला होता, हे ध्यानात घेता घाई योग्यच म्हणावी लागेल. काळाच्या मापनाबाबत तर परावलंबनाची किंमत आपण मोजलेली आहे. आपल्या पहिल्या मार्गदर्शक उपग्रहातील तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडली. ती परदेशी बनावटीची होती. त्याच्या जागी पाठवलेला उपग्रह २०१७ साली उष्णतारोधक कवचात अडकून वाया गेला, त्यापुढचा २०१८ साली पोहोचला. अखेर २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने घडवलेले स्वदेशी घड्याळ गेले. ज्याच्या हाती स्वतःचे घड्याळ नाही, त्याचे क्षेपणास्त्र आणि त्याची नौका दुसऱ्याच्या मर्जीवर चालते. हे वेगळे सांगायला नको.

मात्र अभियानाच्या या चार विभागांत ‘पाया’ असा विभाग नाही, हेही नोंदवले पाहिजे. जॉन बेल यांनी १९६४ साली जो असमानतेचा सिद्धान्त मांडला, तो कोणत्याही अभियानाखाली मांडलेला नव्हता. जिनिव्हाच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी कणभौतिकीची आणि कणत्वरकांच्या आखणीची. रजेवर अमेरिकेत असताना त्यांनी तो लिहिला आणि पुढे अल्पावधीत बंद पडलेल्या एका नियतकालिकात छापला. आइन्स्टाइन आणि बोर यांचा वाद प्रयोगाने निकाली काढता येईल, एवढाच त्याचा आशय. जॉन क्लॉझर यांनी १९७२ साली तसा प्रयोग केला, तर ‘हे काही खरे भौतिकशास्त्र नव्हे’ या समजापायी त्यांना विद्यापीठात कायमची जागा मिळणे कठीण झाले. पन्नास वर्षांनी, २०२२ साली, त्यांना अलँ आस्पे आणि अँटन झाइलिंगर यांच्यासह नोबेल मिळाले. आज ज्या अभेद्य संदेशवहनासाठी राष्ट्रे कोट्यवधी ओतत आहेत, त्याची एक प्रमुख रीत बेल यांच्या त्या ‘निरुपयोगी’ निबंधावर उभी आहे. तंत्र विकत घेता येते, नक्कल करता येते. मुळाशी जाऊन प्रश्न विचारणारा माणूस आयात करता येत नाही.

असा माणूस घडवण्याची सामग्री या देशात आहे, फक्त ती वेगवेगळ्या खोल्यांत कुलूपबंद आहे. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात स्थान दिले. त्या नावाखाली ठिकठिकाणी जे शिकवले जाते ते विमाने आणि शल्यक्रिया यांच्या यादीपुरते राहिले, तर धोरणकर्त्यांचा हेतू वाया जाईल. न्यायशास्त्र शिकलेल्या विद्यार्थ्याला रेषीय बीजगणित कोणी शिकवत नाही, आणि आयआयटीतल्या विद्यार्थ्याला ‘उपाधी’ म्हणजे काय हे ठाऊक नसते. आपल्या विद्यापीठांतील तत्त्वज्ञान विभाग तर विद्यार्थ्यांअभावी ओस पडत चालले आहेत. ज्या घरांत हा अंक वाचला जातो, त्या घरांतही मुलाने तत्त्वज्ञान घेतो म्हटले तर वडिलांचा चेहरा उतरतो. परंपरेचा अभिमान बाळगायचा, पण ती चालवायला आपला मुलगा द्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे.

पुण्यापुरतेच बोलायचे तर एकाच शहरात आयुका आहे, भांडारकर प्राच्यविद्या संस्था आहे आणि १९४८ साली संस्कृत महाकोशाचे काम हाती घेतलेले डेक्कन कॉलेजही आहे. पंचाहत्तर वर्षे झाली तरी तो कोश पहिल्या अक्षराच्या पलीकडे गेलेला नव्हता. ‘काल’ या शब्दापर्यंत पोहोचायला त्याला किती काळ लागेल, हा प्रश्न कोणत्याही समीकरणाइतकाच अवघड आहे. विनोद बाजूला ठेवू. या तीन संस्थांतील पाच-सात तरुणांना तीन वर्षे एकत्र बसवून, एका बाजूला व्यासभाष्य व रघुनाथ शिरोमणी आणि दुसऱ्या बाजूला पेज, वूटर्स व अष्टेकर असे ग्रंथ समोर ठेवून, काळाविषयी दोन्हीकडचे पूर्वपक्ष नेमकेपणाने लिहून काढायला सांगितले, तर त्याला सहा हजार कोटी लागणार नाहीत. एका मध्यम आकाराच्या सत्कार समारंभाच्या मंडपाला येतो, त्यापेक्षा फार मोठा खर्च त्याला येणार नाही. त्यातून नवे समीकरण निघेलच असे नाही. पण पुढच्या वेळी व्यासपीठावरून कोणी ‘आमच्या ऋषींनी’ अशी सुरुवात केली, तर ‘कोणत्या?’ या प्रश्नाला उत्तर देणारा माणूस सभागृहात बसलेला असेल.